याला गिअर नाय

मित्रांनो, मी एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे, आणि मला क्लच नाही. ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धूर ओकणारं, खडखडणारं एखादं धूड येत असेल. मी तसा नव्हतो. आंब्याच्या खालच्या फांद्यांखालून सहज निघून जाईन एवढीच माझी उंची, आणि आवाजही बेताचाच. आता तोही राहिलेला नाही. मालगुंडच्या रस्त्याला आत वळलं की एक वाडी लागते. तिथे काजूच्या झाडाखाली, फाटक्या ताडपत्रीत मी उभा आहे. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय आणि पुढच्या चाकावर भोपळ्याचा वेल चढलाय. वेलाला काय, आधार जिवंत आहे की मेलेला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उद्या भंगारवाला येणार आहे. त्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकतो, कारण वाडीत जे सांगतात ते खरं नाही.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा माझ्याबरोबर माझा एक भाऊ होता. रंग तोच, इंजिन तेच, चाकंही तीच. फरक काय तो पोटात. त्याच्या पोटात दातेरी चाकं होती. डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने गिअर टाकायचा, मग क्लच हळूहळू सोडायचा, असा त्याचा रिवाज. माझ्या पोटात तेल होतं. इंजिन पंप फिरवायचं, पंप तेल रेटायचा आणि ते तेल माझी चाकं फिरवायचं. उजव्या पायाखालचं पेडल पुढे दाबलं की मी पुढे, टाचेने मागे दाबलं की मागे, आणि पाय उचलला की जागच्या जागी उभा. माझ्यासारख्याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. पण एवढं मोठं नाव घ्यायला वाडीत कोणाला वेळ असतो? तिथे मी तेलाचा ट्रॅक्टर झालो आणि भाऊ गिअरवाला.

आणखी एक गोष्ट माझ्याकडे होती. सीटच्या डाव्या अंगाला, खाली, वीतभर लांबीचा एक दांडा. तो पुढे ढकलला की मी जलद चालायचो, मागे ओढला की हळू. आणि मधोमध ठेवला की माझी चाकं पंपापासून सुटी व्हायची. दिवसाकाठी एखादवेळा त्याला हात लागायचा, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरायचा नाही. तुम्ही मात्र तो लक्षात ठेवा.

आम्ही दोघे भाऊ रत्नागिरीतल्या एका दुकानाच्या अंगणात शेजारी शेजारी उभे होतो, तेव्हा सदू आला. सोबत त्याचा शेजारी विठू. सदूचं निम्मं आयुष्य बोटीवर गेलेलं. तिथे एकदा ताणलेला दोर तुटून त्याच्या डाव्या पायावर बसला आणि त्या पायातला जीवच गेला. पाय होता, पण नुसता बरोबर यायचा. सदू काठी टेकत घरी परतला. आंब्याची बाग आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठचा भाताचा मळा आता आपणच बघायचा, असं त्याने ठरवलं होतं.

माणसं वाईट नसतात, मित्रांनो. पण लंगडा माणूस दिसला की त्यांचे हात चटकन पुढे येतात, आणि विचारायला तोंड काही उघडत नाही. एसटीत चढताना सदूला कोणीतरी काखेत हात घालून उचलायचं. देवळाच्या पायऱ्यांवर दोघे जण दोन्ही बाजूंनी धरून वर न्यायचे, तांदळाचं पोतं न्यावं तसे. सदूला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मदत करणाऱ्यावर चिडायचं तरी कसं?

दुकानातला हर्षद नावाचा तरुण त्या दिवशीही सवयीने पुढे झाला. सदू म्हणाला, "थांब. मी चढतो."

हर्षद थांबला. सदू आधी माझ्या भावावर चढला. खूप वेळ लागला, पण चढला. मग दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलून त्याने क्लचवर ठेवला आणि वरून गुडघा दाबला. पाय घसरला, भावाने एक गचका दिला आणि तो बंद पडला. पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला सदू खाली उतरला आणि घाम पुसत उभा राहिला.

विठू म्हणाला, "सरावानं जमेल रे पुढं. गिअरचाच घे, सदू. बिघडला तर आपल्यातला कोणपण खोलून देईल. ह्या तेलवाल्याचं दुखणं कोण काढणार?"

हर्षद प्रामाणिक होता. "विठूकाका म्हणतात ते खोटं नाही," तो म्हणाला. "चिखलात गिअरवाला जास्त ओढतो, डिझेल कमी खातो आणि दुरुस्तीला सोपा. हा बागेत चांगला, सारखं मागेपुढे करायला. आणि काका, ह्याला डावा पाय लागतच नाही."

सदू माझ्यावर बसला. त्याने उजवा पाय पेडलवर ठेवला आणि मी पुढे सरकलो. मग मागे, पुन्हा पुढे. अंगणातल्या माडाला त्याने माझ्यावर बसून तीन वळसे घातले. परत येऊन थांबला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. विठू तेव्हा भावाच्या टायरवर थापा मारत त्याची रबरं बघत होता. त्यामुळे हर्षद पुढे जे बोलला ते त्याने ऐकलंच नाही.

"ह्याचं एकच पथ्य आहे, काका. बंद पडला आणि ओढायची वेळ आली, तर आधी हा दांडा मध्ये आणायचा. नाहीतर चाकं पंपाला जबरदस्तीने फिरवतील आणि पोटातलं सगळं खरवडून निघेल."

सदूने दांडा हाताने चाचपला आणि मान डोलावली.

पण घरी सोनूबाई होत्या, सदूची बायको. "अवो, देवीला विचारल्याबिगर एवढी मोठी वस्तू दारात आणायची नाय," त्या म्हणाल्या. वाडीत लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, ग्रामदेवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. काशीराम गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाचे कळे लावले. उजवा गिअरवाल्याचा, डावा माझा. आधी पडेल तो देवीचा होकार. सगळे श्वास धरून बसले, आणि उजवा कळा पडला.

त्यावर सदू काय म्हणाला ते सोनूबाई पुढे कितीतरी वेळा माझ्यासमोर बोलून दाखवायच्या. तो म्हणाला होता, "देवी बोलली ते बरोबरच असंल. पण क्लच देवी दाबणार नाय, मला दाबायचाय."

आणि त्याने मला घरी आणलं. सोनूबाई रागावलेल्या होत्या, तरी माझ्या तोंडावर कुंकू लावून त्यांनी नारळ फोडला. त्याच महिन्यात विठूने माझा भाऊ विकत घेतला. वर म्हणाला, "देवीने गिअर सांगितला तो फुकट कशाला घालवा!" वाडी पोट धरधरून हसली.

मित्रांनो, पुढची वर्षं माझी सोन्याची होती. बागेत कलमांच्या खालून गवत कापायचं, खताची गाडी ओढायची, फवारणीची टाकी घेऊन झाडाझाडाशी थांबायचं. भाऊ एकेका झाडाशी चार वेळा क्लच दाबून दमायचा, मी मात्र मांजराच्या पावलांनी जायचो. सदू बोटीवरच्या शिस्तीने मला जपायचा. खारा वारा लोखंड खातो म्हणून रोज गोड्या पाण्याने पुसायचा. तेल बदलताना आधी स्वतःचे हात धुवायचा. सोनूबाई म्हणायच्या, "माझ्या साडीला कधी एवढा साबण नाय लागला."

पावसाळ्यात मळ्यातली चिखलणी मला जड जायची, हे कबूल करतो. भाऊ तेच काम शीळ घालत करायचा. विठू बांधावरून ओरडायचा, "काय रे तेलवाल्या, निघाला काय दम?" सदू म्हणायचा, "दम निघाला तरी मालकाला पायानं क्लच नाय शोधावा लागत!"

सदूला माझा भारी अभिमान होता, आणि तो अभिमान त्याला पोटात ठेवता यायचा नाही. दुकानात, देवळात, लग्नाच्या मांडवात तो ज्याला त्याला सांगायचा, "याला गिअर नाय!" शाळेतली मुलं मला बघायला आली, त्यांनाही तेच. "गिअर नाय, क्लच नाय, कटकट नाय!" मुलं ते ओरडत घरी गेली. पुढे पुढे वाडीत ती म्हणच झाली. कोणी सरळ माणूस दिसला की म्हणायचे, सदूच्या ट्रॅक्टरासारखा हाय, याला गिअर नाय. तो वीतभर दांडा सदूने कधी कोणाला दाखवला नाही. फुशारकीच्या भरात असली बारीकसारीक गोष्ट कोण सांगत बसतं?

मग ती चिखलणी आली. आदल्या दिवसापासून पाऊस धरून होता आणि पऱ्या फुगला होता. मळ्याच्या कडेचा कुणगा, म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, तेवढा उरकायचा राहिला होता. सदूने दांडा मागे, हळूवर टाकला आणि मला त्या कुणग्यात घातलं. तिथली जमीन खालून खचली होती. माझी मागची चाकं रुतली, मी पोटावर बसलो, पऱ्याचं पाणी नाकात शिरलं आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. सदू घाबरला नाही. बाहेर काढायचं कसं, याचा तो शांतपणे विचार करत होता.

तेवढ्यात विठू धावत आला, भावाला घेऊन. मागोमाग वाडीतली माणसं. बघा, किती चांगली माणसं! भर पावसात, आपापली चिखलणी सोडून आली होती. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? सदूच्या काखेत हात घातले आणि त्याला सीटवरून उचललं.

"थांबा! मी उतरतो," सदू म्हणाला. "आधी नूट्रल करू दे. दांडा मध्ये आणू दे मला."

विठू हसला. अगदी मायेने हसला. "ह्याला गिअरच नाय, तर नूट्रल कुठला रे? तूच सांगतोस ना? घाबरलास तू."

"अरे विठू, हाय! खाली हाय दांडा! ऐक माझं!"

"तू गप ऱ्हा. आमी हाव ना."

दोघांनी सदूला खांद्यांवर घेतलं आणि ते वाटेला लागले. तिसरा एक जण माझ्या सीटवर बसला, स्टेअरिंग धरायला. त्याच्या डाव्या गुडघ्याला तो दांडा टोचत होता. त्याने काय केलं, तर गुडघा जरा बाजूला घेतला.

दोर बांधला गेला आणि भावाने मला ओढलं. चिखलात माझी चाकं न फिरता नुसती घसरली, तोवर निभावलं. पण मळ्यातून घरी जायची वाट कातळावरून चढते. कातळावर चाकांना पकड मिळाली आणि ती जबरदस्तीने फिरू लागली. माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तसा मी आयुष्यात कधी काढला नव्हता. पावसात तो कोणाला ऐकू गेला नाही. सदूला मात्र गेला. दोन माणसांच्या खांद्यांवरून मान वळवून वळवून तो ओरडत होता, काठी हवेत हलवत होता. माणसं त्याला म्हणत होती, "काय नाय होत रे, आणतोय ना तुझा ट्रॅक्टर." आणि खरंच आणला. थेट दारापर्यंत आणून ठेवला. सोनूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. सदूने कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

पाऊस ओसरल्यावर हर्षद आला. त्याने माझं तेल काढलं. मळकं तेल उन्हात चांदीसारखं चमकत होतं. तो माझ्या पोटातल्या लोखंडाचा चुरा होता.

"काका, ओढला होता का? दांडा कुठे होता?"

विठू तिथेच उभा होता. सदूच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून. सदूने त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

"आठवत नाय," तो म्हणाला.

हर्षदने नवा पंप खूप शोधला. माझ्या जातीचे ट्रॅक्टर आता इकडे येत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत, असं कळलं. त्याने दुसऱ्या कुठल्या यंत्राचा पंप बसवूनही पाहिला. तो बसला नाही. तेव्हा विठू उसासा टाकून म्हणाला, "कौल मोडला की असंच होतं. देवी आधीच बोलली व्हती." वाडीने माना डोलावल्या. सोनूबाईंनी देवीपुढे नाक घासलं. आजही त्यांना तेच खरं वाटतं, की नवऱ्याने देवीचं ऐकलं नाही म्हणून ही पाळी आली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बाई, देवीने मला नाही मारलं! पण इंजिन चालू असतानाही मला बोलता येत नव्हतं, मग मेल्यावर काय येणार?

त्यानंतर विठू सदूची जमीन नांगरून द्यायला लागला. एक पैसा घ्यायचा नाही. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मळ्यात जायचा आणि सदू बांधावर खुर्ची टाकून बसायचा. खुर्चीसुद्धा दुसऱ्या कोणीतरी आणून ठेवलेली. पुढे पुढे तो बांधावरही जाईना. बागेत गवत माजलं. बोलायचं त्याने जवळजवळ सोडलं.

फक्त संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. ताडपत्री बाजूला करून, कोणाची मदत न घेता, वर चढून बसायचा. उजवा पाय पेडलवर ठेवायचा आणि समोर बघत राहायचा. मी जागचा हलायचो नाही. एकदा माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "विठूला सांगून काय उपयोग? त्याला झोप नाय लागणार जन्मभर." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मीच गावभर सांगत सुटलो व्हतो ना, याला गिअर नाय." आणि तो रडला. मित्रांनो, माझ्या पोटातला चुरा मला जेवढा लागला नाही, तेवढं ते रडणं लागलं.

कधी कधी मला वाटतं, सदूने भावालाच निवडायला हवं होतं. तो चिखलात रुतला नसता, आणि रुतला असता तरी कोणीही ओढून काढला असता. त्याचं दुखणं सगळ्यांना कळतं. पण मग वाटतं, भावावर सदू कधी एकटा बसलाच नसता. तिसऱ्या गचक्याला तो खाली उतरला होता, तसाच कायमचा उतरला असता. त्याला मी हवा होतो, आणि माझं पथ्य सांभाळील अशी वाडी हवी होती. त्यातलं एकच त्याला मिळालं.

काल त्याचा मुलगा सागर डोंबिवलीहून आला. "बाबा, इथे कोण बघणार तुम्हाला?" तो म्हणाला. "आईलाही झेपत नाही आता. चौथा मजला आहे, पण खुर्चीत बसवून वर घेऊ आपण." बाग खंडाने दिली आहे. मला भंगारात द्यायचं ठरलं आहे.

आज सकाळी रिक्षा आली. निघण्याआधी सदू माझ्याकडे आला. या वेळी तो वर चढला नाही. खालूनच हात घालून त्याने तो दांडा चाचपला. तो गंजून जाम झाला होता. सदूने काठी झाडाला टेकवली, दोन्ही हातांनी जोर लावला आणि खटकन दांडा मधोमध आणला. माझी चाकं सुटी झाली.

मग तो रिक्षाकडे गेला. निरोप द्यायला आख्खी वाडी जमली होती. सदूने एक हात रिक्षाच्या दांडीवर ठेवला आणि म्हणाला, "थांबा, मी चढतो."

विठूने डोळे पुसत त्याच्या काखेत हात घातले. "तू गप ऱ्हा रे. आमी हाव ना."

त्यांनी त्याला उचलून आत ठेवलं. या वेळी सदू ओरडला नाही. त्याने मान वळवून मागेही पाहिलं नाही.

मित्रांनो, यंत्राला तेल-पाणी करा, ऊनपावसात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागणं मागतो. रुतलेलं काहीही ओढायला जाल, मग ते यंत्र असो की माणूस, तेव्हा आधी त्याच्या धन्याला, नाहीतर त्या माणसालाच विचारा, आणि तो सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका. तुमचे हात चांगले आहेत. पण माझं पोट चांगल्या हातांनीच खरवडलं आहे, आणि सदूचंही.

उद्या भंगारवाला मला दोर बांधेल. कातळावरून नेताना माझी चाकं अलगद फिरतील आणि पोटातून आवाज येणार नाही. दांडा मध्ये आहे. सदूने स्वतः करून ठेवलाय.